जेवायचे प्रायश्चित्त

त्याला सगळे वात म्हणत. घराण्याचा धंदा मेणबत्त्यांचा, आणि हा माणूस उंच, किडकिडीत, डोक्यावर पांढऱ्या केसांचा एक उभा झुपका. नाव कुणी ठेवले हे शोधण्याची गरज कुणाला पडली नाही. त्याच्या बायकोच्या मते त्या नावाला आणखीही एक कारण होते, पण ते ती फक्त माहेरच्या माणसांना सांगायची.

वातीची ख्याती मात्र मेणबत्त्यांमुळे नव्हती, उपवासांमुळे होती. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आले की इतर लोक आपापल्या कुवतीप्रमाणे एखादी गोष्ट सोडत. कुणी साखर सोडी, कुणी सिगारेट. कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे सोडायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा धरायचा. वात एका गोष्टीवर थांबत नसे. तो यादी करायचा. पहिल्या वर्षी चहा. दुसऱ्या वर्षी चहा आणि साखर. मग अंडी, मग लोणी, मग वर्तमानपत्र, मग उशी. ही यादी कारखान्याच्या दारावर, आल्यागेल्याला सहज दिसेल अशा उंचीवर, मेणाच्या चार ठिपक्यांनी चिकटवलेली असे.

"अहो, एखाद्या वर्षी कुरकुर सोडा ना," बायको म्हणायची. "चाळीसच दिवस. मी स्वतः जाऊन देवाचे आभार मानीन."

"तुला नाही कळायचं ते," वात म्हणायचा, आणि आणखी एक गोष्ट सोडायचा.

त्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, कपाळावरची राख अजून ताजी असताना, चर्चच्या पायऱ्यांवर किमान अकरा माणसे ऐकत आहेत अशी खात्री करून, त्याने फादरांना सांगितले, "फादर, यंदा चाळीस दिवस नवं मेण विकत घेणार नाही. जुनं, पडीक, तुटकंफुटकं जे असेल, त्यातूनच काम करणार."

फादर तरुण होते, नुकतेच बदलून आलेले, आणि आल्यापासून त्यांना सर्दी झालेली होती. "छान, काका," ते रुमालातून म्हणाले. "फक्त, उपवास देवाला एकट्याला सांगितला तरी चालतो."

वातीला ते कौतुकच वाटले.

आता थोरल्या भावाबद्दल सांगायला हवे, कारण गोष्ट खरी तिथली आहे. दादा आडव्या अंगाचा, मऊ स्वभावाचा, जरा ऊन पडले की घामाघूम होणारा. एके काळी दोघे भाऊ एकाच भट्टीवर काम करत. त्यांच्या वडिलांचा एक पितळी साचा होता, दीड हात लांबीचा, आतून आरशासारखा गुळगुळीत. वर्षातून एकदा तो बाहेर निघायचा, आणि त्यातून ईस्टरची मोठी मेणबत्ती निघायची, सरळ, गुळगुळीत, अंगावर एक रेघ नसलेली. सहा वर्षांपूर्वी ऐन उपवासकाळात तो साचा नाहीसा झाला. सगळीकडे शोधून झाल्यावर वातीने दादाच्या तोंडावर सांगितले, "तूच लपवलायस. चर्चचं काम एकट्याच्या हातात राहावं म्हणून."

दादा एवढेच म्हणाला होता, "मी?"

त्या एका शब्दानंतर दोघे बोलले नाहीत. कारखान्याच्या मधोमध प्लायवूडची पडदी उभी राहिली. इकडे वात, तिकडे दादा. चर्चचे काम थोरल्याकडे राहिले, आणि साचा नसल्यामुळे दादा ती मोठी मेणबत्ती हाताने करू लागला, मेणात बुडव, बाहेर काढ, वाळव, पुन्हा बुडव. एवढी मोठी मेणबत्ती अशी केली की ती वाकणारच. एका वर्षी ती डावीकडे कलली. एका वर्षी तिला पोक आले. गेल्या वर्षी ती इतकी झुकली होती की तिच्याखाली उभे राहून बायबल वाचणाऱ्याने वर बघत बघत वाचन निम्म्यात उरकले, आणि तेव्हाचे म्हातारे फादर म्हणाले, "प्रभू उठला आहे. मेणबत्तीचं पुढच्या वर्षी बघू."

लोक हसले. वात तिसऱ्या बाकावर बसून सगळ्यांपेक्षा हळू आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ हसला.

"साचा भावोजींकडे असता तर त्यांनी वाकडी मेणबत्ती कशाला केली असती?" बायकोने एकदा विचारले होते.

"तीच तर गंमत आहे," वात म्हणाला होता. "मुद्दाम वाकडी करतो. संशय येऊ नये म्हणून. सहा वर्षं!"

यावर बायकोने भाजी चिरायला घेतली होती.

तर त्या वर्षी नवे मेण बंद. वातीने पडीक मेणाचे पिंप उघडले. कंबरेइतके उंच पत्र्याचे पिंप. वर्षानुवर्षे चर्चमधून आलेली थोटके, फसलेल्या मेणबत्त्या, भांड्याला चिकटलेली खरवड, सगळे त्यात टाकायचे, आणि लागेल तसे वरून छिन्नीने फोडून वितळवायचे. तळापर्यंत जायची वेळ कधी येत नसे, कारण नवे मेण हाताशी असे. यंदा दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस वात पिंपात कमरेपर्यंत वाकून छिन्नी मारत होता.

टण्ण.

त्याला वाटले, पिंपाचा तळ लागला. पण तळाचा आवाज पत्र्याचा असतो. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्याने नखांनी मेण उकरले. खाली पिवळे काहीतरी चमकले. आणखी उकरले. वडिलांनी पितळेवर ठोकलेले फुलीचे चिन्ह दिसले.

वात पिंपातून बाहेर आला आणि जमिनीवरच बसला.

आणि मग, सहा वर्षांनी, सगळे ढळढळीत आठवले. उपवासाचा दिवस. मेणबत्ती साच्यात अडकून बसलेली. पिंप नुकतेच भट्टीवरून उतरवलेले, आतले मेण कोमट. बाहेरून ऊब लागली की मेणबत्ती सुटेल म्हणून त्याने साचा पिंपात उभा करून ठेवला, पाच मिनिटांसाठी. पण त्याच वेळी पोटात अशी काही आग पडली होती! बायको माहेरी गेलेली. घरात अंडी होती. वात मागच्या दाराने घरी गेला, चार अंडी उकडली, मीठ लावून उभ्या उभ्या खाल्ली, टरफले कागदात गुंडाळून शेजारच्यांच्या कचऱ्यात टाकली, आणि पोट भरल्यामुळे आडवा झाला. उठला तेव्हा एकच काळजी होती, तोंडाला अंड्याचा वास तर येत नाही ना? साचा डोक्यातून पार निघून गेला. तोवर पिंप गार झाले होते, साचा आडवा होऊन तळाशी गेला होता, आणि वर मेण थिजले होते. दुसऱ्या दिवसापासून त्यावर थोटके पडत गेली.

पडदीपलीकडे दादा खोकला. नेहमीचा खोकला, दोनदा आखूड आणि एकदा लांब. वातीने झटकन साच्यावर गोणपाट टाकले, जणू खोकल्याला डोळे असतात.

साचा त्याने घरी नेला आणि जुन्या पडद्यात गुंडाळून पलंगाखाली सरकवला. मग विचार केला. खरे तर विचार करण्यासारखे फारसे नव्हते. दादाकडे जायचे, साचा समोर ठेवायचा आणि चुकलो म्हणायचे. पण ते सोडून दुसरे काही करता आले तर बघावे, असे त्याला वाटले. म्हणून त्याने उपवास वाढवला.

दुसऱ्या दिवशी मीठ सोडले. तिसऱ्या दिवशी अंघोळीचे गरम पाणी सोडले. मग खुर्ची सोडली आणि उभ्यानेच जेवू लागला. तरी छातीवरचे ओझे हलेना, म्हणून त्याने चष्मा सोडला, आणि त्या दिवशी दोन डझन मेणबत्त्यांत वात घालायचीच राहिली.

"काय केलंय तुम्ही?" बायकोने विचारले.

"कुठे काय?"

"माणूस चष्मा सोडतो म्हणजे त्याला काहीतरी बघायचं नसतं."

"देवासाठी सोडलाय."

"देवाला तुमच्या चष्म्याचं काय करायचंय? त्याला सगळं दिसतं," ती म्हणाली, आणि पलंगाखालून केर काढायला झाडू घेऊन गेली. वात ताट हातात घेऊन दाराशी गेला. ती केर घेऊन बाहेर आली आणि गुणगुणत भांडी घासू लागली.

शनिवारी तो पापांची कबुली द्यायला गेला. चर्चच्या कोपऱ्यातली लाकडी खोली, मध्ये जाळी, जाळीमागे फादर आणि त्यांची सर्दी.

"फादर, एका माणसाने दुसऱ्या एका माणसावर खोटा आळ घेतला."

"तो पहिला माणूस इथं आलाय का?"

"आलाय."

"मग त्यालाच बोलू द्या ना, काका."

वातीने सांगितले. साचा, पिंप, दादा, पडदी, वाकड्या मेणबत्त्या, तिसऱ्या बाकावरचे हसणे. अंडी वगळली. तेवढे नाजूक प्रकरण त्याने स्वतःजवळ ठेवले.

"साचा परत द्या आणि माफी मागा," फादर म्हणाले.

"मागतोच आहे, फादर. ईस्टर उरकला की लगेच. तोवर एक विचारायचं होतं. दुपारचं पाणी सोडलं तर? किंवा जेवणच आणखी कमी केलं तर? म्हणजे त्या बाजूने जरा..."

जाळीमागे तीन शिंका झाल्या.

"काका, तुमचं प्रायश्चित्त सांगतो. उद्यापासून रोज दुपारी भावाच्या घरी जाऊन जेवायचं. वाढतील ते, वाढतील तितकं, बसून. माफी मागून होईपर्यंत. आणि ही शिक्षा आहे हे कुणाला सांगायचं नाही."

"जेवायचं?" वात जवळजवळ ओरडला. "उपवासकाळात?"

"तुम्ही सहा वर्षं तोंड मिटून बसलाय. घासासाठी तरी उघडेल. एकदा उघडलं की जे आत आहे ते कधीतरी बाहेर येईल."

"पण फादर, लोक काय म्हणतील?"

"ते शिक्षेत धरलंय," फादर म्हणाले आणि पुन्हा शिंकले.

दादा कारखान्याच्या वरच राहायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी वात तो लाकडी जिना सहा वर्षांनी चढला आणि दार वाजवले. वहिनीने उघडले. हातात डाव, कपाळावर घाम. त्याला बघून तिचा चेहरा उतरला.

"भावोजी! कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"जेवायला आलोय."

वहिनीने त्याला पायांपासून झुपक्यापर्यंत बघितले. मग मान वळवून आत म्हणाली, "अहो, भावोजी जेवायला आलेत."

"कुणाचे?" आतून दादाचा आवाज.

"माझेच. तुम्हाला एकच भाऊ आहे ना?"

आत खुर्ची सरकली. मग, "त्याला विचार, बरं नाहीये का."

"बरा आहे म्हणावं," वात दारातून म्हणाला.

"बरा आहे म्हणतात," वहिनी म्हणाली. "आता आत या. डाळ करपतेय."

जेवणाचे टेबल जुनेच होते. लहानपणी दोघांनी मेणाचे गोळे चिकटवलेली त्याची एक बाजू अजून तेलकट होती. दादा एका टोकाला बसला, वात दुसऱ्या. वहिनीने बटाटे वाढले. साधे उकडलेले, वर मीठ आणि मिरपूड. आठ दिवस वातीच्या जिभेला मीठ लागले नव्हते. पहिला घास तोंडात गेला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"एवढे वाईट झालेत?" वहिनी म्हणाली.

"नाही, वहिनी. चांगले झालेत."

"त्याला सांग," दादा आपल्या ताटाकडे बघत म्हणाला, "आणखी घे म्हणावं. काठी झालाय नुसती."

"ऐकलंत ना? घ्या." आणि तिने चार बटाटे एकदम वाढले.

वातीने ठरवले होते, ताटावर बसल्या बसल्या सांगून टाकायचे. त्याने तोंड उघडले. वहिनीला वाटले, पाव हवा आहे. तिने पाव दिला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तोंड उघडले, तेव्हा डाळ आली. तिसऱ्या दिवशी मासे. फादरांचा हिशेब बरोबर होता, तोंड उघडत होते. पण बाहेर काही येण्याआधी दर वेळी आत काहीतरी जात होते.

आणि गावभर चर्चा सुरू झाली. वातीला दुपारी जिना चढताना आणि तासाभराने पट्टा एका भोकाने सैल करून उतरताना लोकांनी पाहिले. न्हाव्याने तर तोंडावर विचारले, "काय वात, यंदा उपवास सोडायचा उपवास काय?" इतक्या वर्षांत कमावलेली ख्याती सहा जेवणांत गेली. दारावरची यादी कुणीतरी पेन्सिलीने खालून वाढवली होती: 'आणि लाज.' वातीने ती काढून टाकली. सांगायची सोय नव्हती. ही शिक्षा आहे, मी मजेने जेवत नाही, असे त्याला रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून ओरडावेसे वाटायचे. आणखी वाईट म्हणजे ते पूर्ण खरेही राहिले नव्हते. वहिनीच्या हातची डाळ त्याला आवडू लागली होती. अकरा वाजल्यापासून त्याचे लक्ष जिन्याकडे जाई.

घरी बायको वेगळीच फुरंगटली होती. "माझ्या हातचं मीठ सोडलंत, आणि जाऊबाईंच्या हातचे मासे चालतात?"

"त्याला कारण आहे."

"सांगा की."

"सांगता येत नाही."

"बरं," ती म्हणाली. तिला वाईट वाटले असावे, पण तिच्या चेहऱ्यावर कसली तरी वाट बघितल्यासारखे काहीतरी होते, ते चष्मा नसल्यामुळे वातीला नीट दिसले नाही.

असे करता करता ईस्टर दोन आठवड्यांवर आला. शुक्रवार होता. वहिनीने कोबीचे सूप केले होते. दादाचे मनगट सुजलेले होते. मोठ्या मेणबत्तीचे काम त्याने सुरू केले असणार; मेणबत्ती टांगून मेणात बुडवायची जड काठी आता त्याला झेपत नव्हती. सूप निम्मे झाले तेव्हा त्याने चमचा खाली ठेवला.

"ऐक," तो म्हणाला.

वहिनी डाव हातात धरून तशीच उभी राहिली, कारण तो तिच्याशी बोलत नव्हता.

"सहा वर्षं मी विचार करतोय," दादा वातीकडे बघून म्हणाला. "आधी खात्री होती, साचा मी घेतला नाही. मग वाटायला लागलं, घेतलाही असेन. कुठेतरी ठेवला असेन आणि विसरलो असेन. या वयात काय भरवसा? बाबांची वस्तू मी हरवली आणि तुला मात्र खोटं पाडलं. आणि तू रोज येतोस. खाली मान घालून जेवतोस. साच्याचा एक शब्द काढत नाहीस. मला लाज वाटू नये म्हणून. एवढं मन माझ्यात नाही, बाबा." त्याने सुपाची वाटी बाजूला सारली. "मला माफ कर."

वातीच्या तोंडात पाव होता. त्याने तो चावला. गिळला. हीच वेळ होती, हे त्याला लख्ख कळले. त्याने तोंड उघडले, आणि तोंडातून जे आले ते असे:

"जाऊ दे, दादा. झालं गेलं. माझ्या मनात काही नाही."

दादाने टेबलावरून हात पुढे केला. वातीने तो दाबला, वरून थोपटलासुद्धा. वहिनीने पदराने डोळे टिपले आणि वातीच्या बायकोसाठी सुपाचा डबा भरून दिला. वात जिना उतरला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. सुटलो! सगळे मिटले, दादा बोलला, कुणाला काही कळले नाही, आणि वर सूप. तो शीळ घालत कोपऱ्यापर्यंत आला.

न्हाव्याच्या दुकानात दाराशी मोठा आरसा होता. त्यात वातीला एक उंच माणूस दिसला, हातात डबा, तोंडावर उदार हसू. इतक्या जवळून तो चष्म्याशिवायही स्पष्ट दिसत होता. दुसऱ्याला माफ करून आलेल्या माणसाचे हसू.

वात थांबला. त्याने दादाला माफ केले होते. कशाबद्दल?

तो घराकडे पळाला.

तो घरी पोचला तो धापा टाकत. डबा टेबलावर ठेवला, सरळ पलंगाशी गेला, गुडघ्यांवर बसून हात खाली घातला. खाली काही नव्हते.

"कपाटामागे आहे," बायको दारातून म्हणाली. "केर काढताना रोज झाडूला लागायचं, म्हणून हलवलं."

वातीने मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? मी हरवला होता का?" तिने टेबलाच्या खणातून चष्मा काढून त्याच्या हातात दिला. "हा घाला आणि जा. आणि नीट चाला, जिन्यात पडाल."

दीड हाताचा पितळी साचा खांद्यावर घेऊन, जुना पडदा मागे लोंबत, वात भर दुपारी रस्त्यातून निघाला. न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला. "वात, ही तोफ कुठे चालली?"

"घरी," वात म्हणाला. अनेक दिवसांत त्याने खरे दिलेले हे पहिले उत्तर होते.

दादा अजून टेबलाशीच बसला होता, सुजलेले मनगट गार पाण्याच्या वाटीत घालून. वातीने उष्टी ताटे बाजूला सारली आणि साचा मधोमध ठेवला. पितळ लाकडावर वाजले. पडदा गळून पडला.

दादाने साच्याकडे बघितले. मग भावाकडे. वहिनी मोरीतून हात पुसत आली आणि जागीच थांबली.

"मी," वात म्हणाला.

मग तो थांबला नाही. पिंप सांगितले, कोमट मेण सांगितले, गोणपाट, पलंग, चष्मा, सगळे. फादरांनी दिलेली शिक्षा सांगितली. तिसऱ्या बाकावर हसलो तेही सांगितले. आणि शेवटी, नाक पुसत, "आणि विसरलो का, तर घरी जाऊन अंडी खाल्ली होती. उपवासाच्या दिवशी. चार."

"चार?" वहिनी म्हणाली.

"चार."

"एका बैठकीला?"

"उभ्याने."

दादा उठला. खिडकीशी गेला, पाठ करून उभा राहिला. त्याची मान लाल झाली होती. मग तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "त्याला विचार, मघाशी मला माफ केलं ते कशासाठी?"

वहिनीने वातीकडे बघितले.

"सवयीने," वात म्हणाला. "चुकलो, दादा. सहा वर्षं चुकलो, आणि आज दुपारी सगळ्यांत जास्त. मला माफ कर. नाही केलंस तरी मी काही म्हणणार नाही."

"त्याला सांग," दादा म्हणाला, "आता माझी पाळी. आजपासून सहा वर्षं मी बोलणार नाही."

"ऐकलंत ना, भावोजी? यांची आता सुरू झाली."

"ऐकलं."

दादा वळला. राग होता चेहऱ्यावर, पण पाय टेबलाकडे येत होते. त्याने साचा उचलून डोळ्याला लावला, आत बघितले, कपाळाला आठी घातली. "विचार त्याला, आत काय आहे."

"त्याच वर्षीची मेणबत्ती," वात म्हणाला. "निघालीच नव्हती."

"सांग त्याला, गरम पाणी आण म्हणावं. उकळतं नको. आणि फडकं."

वहिनीने डाव टेबलावर आपटला. "सहा वर्षं मी तुमचे निरोप वाहिले. हमाली तरी किती करायची माणसाने? तुमचं तुम्ही बघा. मी चालले जाऊबाईंकडे."

"आत्ता? कशाला?" वात घाबरून म्हणाला.

"त्यांना चार अंड्यांचं माहीत नसणार," वहिनी म्हणाली, आणि चप्पल घालून गेलीसुद्धा.

दोघे भाऊ राहिले. वहिनीची जिन्यावरची पावले विरली. वातीने पाणी आणले, फडके भिजवून साच्याला गुंडाळले. दादाने एक टोक धरले. वातीने दुसरे धरून, मेणबत्तीचा बाहेर आलेला दोरा बोटाला पिळला आणि ओढला. हलेना. पुन्हा पाणी, पुन्हा फडके. दादाच्या दुखऱ्या मनगटात कळ आली असावी. त्याने ओठ चावला. सांगायला तिसरे कुणी नव्हते.

"फिरव," तो शेवटी म्हणाला. "ओढू नकोस. बाबा काय सांगायचे? आधी फिरव."

वातीने फिरवले. आत कुठेतरी बारीक करकर झाली, मग एक उसासा टाकल्यासारखा आवाज आला आणि मेणबत्ती सरकू लागली, हळूहळू, बोटबोट, जुन्या मेणाच्या मधुर वासासकट. सहा वर्षांनी पिवळसर झालेली, पण अंगावर एक रेघ नव्हती. दादाने ती टेबलावर आडवी ठेवली आणि तळव्याने ढकलली. वाकडी मेणबत्ती लोळताना टकटक करते. ही आवाज न करता टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. वातीने ती अडवून परत ढकलली. दादाने पुन्हा पाठवली. हे चारपाच वेळा झाले. तेवढ्या वेळा तपासायची खरे तर गरज नव्हती.

"मी अजून रागावलेलो आहे," दादा म्हणाला.

"माहीत आहे."

"बरेच दिवस राहीन."

"रोज येतो की मी दुपारी."

"माफी मागून झाली ना? मग शिक्षा संपली तुझी."

वातीने मेणबत्तीवरचे पाणी फडक्याने टिपले. "उद्या काय असतं जेवायला?" त्याने विचारले.

दादा स्वयंपाकघरात गेला. तिथे भांडे वाजले, नळ वाजला, काडी ओढल्याचा आवाज आला. "जेवलास का?" आतून त्याने विचारले.

"मघाशी जेवलो की. तुझ्यासमोरच."

"ते मी माफी मागितली म्हणून. तू मागितलीस त्याचं अजून व्हायचंय. अंडी किती टाकू?"

वात खुर्चीत नीट बसला. बराच वेळ विचार केला. त्याच्या यादीत अंडी तिसऱ्या ओळीवर होती. पण यादी आता कुठे होती?

"दोन," तो म्हणाला.

आत दादाने चार मोजून टाकली. दोन त्याची, दोन स्वतःची.